१९६ व्होल्टवर लावलेला बायस

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन लागला की वडशातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ऑक्टापॅड, की-बोर्ड आणि मिक्सर यांची रांग लागते. बहुतेक काम तुटलेल्या जॅकचं, सुटलेल्या सोल्डरचं आणि धानाच्या भुशाचं. मळणीच्या दिवसांत हा बारीक भुसा नॉबखालच्या पॉटमध्ये शिरतो आणि नॉब फिरवला की करकर वाजते. त्या दिवशी मात्र गिटारचा ट्यूब अँप आला. दोन चॅनल, पन्नास वॅट, पुढे सिग्नल वाढवणाऱ्या तीन १२एएक्स७ ट्यूब, मागे स्पीकर वाजवणाऱ्या दोन ईएल३४ पॉवर ट्यूब, बारा इंची एक स्पीकर. गिटारवाल्याची तक्रार एकच: "आवाज पातळ झाला जी, जीवच नाही त्यात."

पॉवर ट्यूब थकल्या होत्या. नवी जुळवलेली जोडी त्यानेच आणली होती. लोकांना वाटतं बल्ब बदलतो तशी ट्यूब बदलली की झालं. ईएल३४ बदलली की बायस नव्याने लावावाच लागतो, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीवरचा, ग्रिडवरचा, निगेटिव्ह व्होल्टेज असा ठेवायचा की गिटार वाजत नसताना ट्यूबमधून ठरावीकच करंट जाईल. करंट कमी ठेवला तर आवाज कोरडा आणि हळू वाजवताना खरखरीत. जास्त ठेवला तर आवाज जाड, गोड, आणि ट्यूबचं आयुष्य तेवढंच कमी.

पद्धत सोपी आहे, पण एकही पायरी गाळायची नाही. स्पीकर जोडलेलाच हवा, कारण लोडशिवाय ट्यूब अँप चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सगळे व्हॉल्यूम शून्यावर. दहा मिनिटं गरम होऊ द्यायचं. मग तीन नंबरच्या पिनवर प्लेटचे, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे पोचतात त्या पत्र्याचे, व्होल्ट मोजायचे, एक हात खिशात ठेवून. आठ नंबरची पिन म्हणजे कॅथोड, जिथून इलेक्ट्रॉन निघतात. तिथून चॅसिसला १ ओहमचा रेझिस्टर असला की जितके मिलीव्होल्ट, तितके मिलीअँप. त्यात स्क्रीनचा, म्हणजे प्लेटआधीच्या दुसऱ्या जाळीचा, थोडा करंट येतो, तो आपल्या बाजूने सुरक्षितच पडतो. मोबाइलवरच्या व्हिडिओत "३५ मिलीअँप लावा" सांगून मोकळे होतात. प्लेटला किती व्होल्ट आहेत हे न विचारता दिलेल्या त्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. ईएल३४ची प्लेट २५ वॅट सोसते, त्याचे ७० टक्के म्हणजे साडेसतरा. माझ्या मीटरवर प्लेट ३८३ व्होल्ट. साडेसतरा भागिले ३८३, म्हणजे साधारण ४५ मिलीअँप. तेवढा लावला, दोन्ही ट्यूबमध्ये दोन मिलीअँपचाच फरक, चिठ्ठीवर आकडे लिहिले, चिठ्ठी अँपच्या मागे चिकटवली. वेळ संध्याकाळी सहाची, शेतातले पंप सुरू असण्याची.

नाटक लाखांदूरकडच्या एका गावात होतं. मिक्सरवर मीच होतो. दहाला पडदा उघडला आणि पहिल्या अंकात गिटारचा आवाज असा लागला की हार्मोनियमवाले काकाही मान वळवून पाहत होते. जाड, पण चिकट नाही. बोट दाबलं की फुलायचा, सोडलं की मिटायचा.

दुसऱ्या अंकात मध्येच गुणगुण वाढली, मग सूर चिरकायला लागला. गिटारवाला पळत आला. "भाऊ, आतमध्ये लाल झालं पाहा जी!" मागून पाहिलं तर डावीकडच्या ट्यूबची राखाडी प्लेट चुलीतल्या निखाऱ्यासारखी. याला रेड-प्लेटिंग म्हणतात. प्लेटवर सोसवते त्याहून जास्त उष्णता, उष्णतेमुळे ट्यूबमध्ये गॅस सुटतो, ग्रिडचा ताबा सुटतो, करंट आणखी वाढतो. अशा वेळी ५०० मिलीअँपचा एचटी (प्लेटकडच्या उच्च व्होल्टेजचा) फ्यूज उडून ट्रान्सफॉर्मर वाचवतो. इथे तो उडाला नाही. काढून पाहिला तर आधीच्या कुणा दुरुस्तीवाल्याने २ अँपचा टाकलेला. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकायचा, हा आपल्याकडचा सर्वमान्य इलाज आहे. संध्याकाळी तो पाहायला मला काही मिनिटंही लागली नसती.

मीटर जनरेटरच्या बोर्डात घातला: २४० व्होल्ट, ५३ हर्ट्झ. स्टेजचे हॅलोजन दिवे मंद दिसतात म्हणून जनरेटरवाल्याने अॅक्सिलरेटर ओढला होता. जुन्या सेटमध्ये फेरे वाढले की फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज दोन्ही चढतात. पण २४० म्हणजे काही आकाश कोसळलं नाही. एवढ्यावर ईएल३४ लाल व्हायला नको. मग चिठ्ठीकडे लक्ष गेलं. ३८३. सर्किटच्या नकाशात त्याच जागी ४५० लिहिलेले, २३० व्होल्टच्या हिशोबाने. ३८३ भागिले ४५० गुणिले २३०, उत्तर १९६. शेतातल्या पंपांनी लाइन खाली ओढली होती, टेबलावर प्लगमध्ये १९६ व्होल्ट होते आणि मी ते मोजलेच नव्हते. पुरावा माझ्याच अक्षरात चिकटवलेला.

यातली खोच अशी की नुकसान व्होल्टेजच्या प्रमाणात वाढत नाही. मेन चढला की प्लेट, स्क्रीन आणि बायस तिन्ही सोबत चढतात. करंट साधारण दीडाव्या घाताने वाढतो, म्हणून वॅट वाढतात अडीचाव्या घाताने. १९६चे २४० झाले म्हणजे व्होल्ट बावीस टक्क्यांनी वाढले, पण प्लेटवरचे वॅट साडेसतरावरून अठ्ठावीस-एकोणतीसवर गेले. सोसायचे फक्त २५. पहिला अंक ट्यूबने असाच काढला होता.

पडदा पडला. पुढच्या अंकाला वीस मिनिटं. कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही चारशेच्या वर व्होल्ट उरू शकतात. १० किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने ते उतरवले, मीटरने खात्री केली. फ्यूज ५०० मिलीअँप स्लो-ब्लो. एका ट्यूबच्या स्क्रीनचा १ किलोओहमचा रेझिस्टर काळा पडलेला, तो बदलला. सुदैवाने थकलेली जुनी जोडी त्याच्या पेटीत होती. तीच लावली आणि जनरेटरवरच बायस केला: प्लेट ४६५, ६० टक्के म्हणजे १५ वॅट, ३२ मिलीअँप. अॅक्सिलरेटरला आता हात लावायचा नाही, असं जनरेटरवाल्याला बजावलं. तो म्हणाला, "गिटारसाठी पब्लिकले अंधारात बसवू का?" त्याचंही खोटं नव्हतं.

थकलेल्या ट्यूबांतून आवाज काढायचा म्हणजे नॉब कानाने फिरवायचे. गेन सहावर होता, चारवर आणला, मास्टर तीनवरून पाचवर. सगळी घाण (डिस्टॉर्शन) पुढच्या १२एएक्स७मध्येच तयार झाली तर आवाज मधमाश्यांचा येतो. थोडं काम फेज इन्व्हर्टर (दोन्ही पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणारा टप्पा) आणि पॉवर ट्यूबलाही करू द्यावं लागतं. बास, मिडल, ट्रेबल पाचावर ठेवले म्हणजे आवाज सपाट झाला, असं सगळे धरून चालतात. या प्रकारच्या सर्किटमध्ये पाचावर मधला भाग खोल गेलेला असतो, आणि गिटार तिथेच राहते. की-बोर्ड आणि ऑक्टापॅडच्या गर्दीत ती मग हरवते. बास ३, मिडल ८, ट्रेबल ४, प्रेझेन्स २. डिलेचा पेडल गिटारनंतर लावलेला होता, तो मागच्या इफेक्ट लूपमध्ये, म्हणजे गेननंतरच्या जोडणीत नेला, म्हणजे प्रतिध्वनी फाटत नाहीत. अँप स्टेजच्या फळ्यांवर होता. फळ्या घुमतात आणि बास फुगतो. प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला, मागे थोडा कलता, कारण बारा इंची स्पीकरचा तीक्ष्ण आवाज सरळ रेषेत जातो आणि जमिनीवर ठेवला तर वाजवणाऱ्याच्या गुडघ्याला ऐकू येतो. माइक स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेसमोर, जाळीपासून दोन बोटं.

आणखी एक. गुणगुण जावी म्हणून कुणीतरी प्लगची अर्थिंगची पिन कापली होती. नवा प्लग लावला, अँप आणि मिक्सर एकाच बोर्डवर घेतले, पिन न कापताही गुणगुण गेली. हातात गिटारच्या तारा आणि ओठाला माइक असलेल्या माणसाची अर्थिंग कापणाऱ्याला एकदा ४६५ व्होल्टजवळ बसवायला हवं.

तिसरा अंक पहाटेपर्यंत चालला. आवाज ठीक होता. प्रेक्षकांना फरक कळला नाही, गिटारवाल्याला कळला.

दुसऱ्या दिवशी व्हेरिअॅकवर (व्होल्ट हवे तसे कमीजास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) अँप १९० ते २५० व्होल्ट फिरवून पाहिला. २४०वर १५ वॅटचा बायस १९६वर नऊ वॅटवर उतरतो. ट्यूब आतून तापवणारा हीटरही ६.३ऐवजी साडेपाच व्होल्टच्या खाली, म्हणजे संध्याकाळी गावच्या लाइनवर पुन्हा तीच "जीव नाही"ची तक्रार. रिलेचा स्टॅबिलायझर पायऱ्यांनी उड्या मारतो, सुरात टकटक येते. उड्या न मारता सरकत जाणारा सर्व्हो स्टॅबिलायझर हवा, एक केव्हीए भरपूर झाला. तो घ्यायला गिटारवाला तयार आहे. पण त्याचं म्हणणं, "पहिल्या अंकातला आवाज पाहिजे जी." तो आवाज प्लेटवरच्या २८ वॅटचा होता. केटी८८ या मोठ्या पॉवर ट्यूबची प्लेट ४२ वॅटपर्यंत सोसते, हीटरही ईएल३४च्या दीड अँपऐवजी १.६ घेतो, बायसची रेंज बदलून ती या सॉकेटमध्ये चालवता येईल. पण ती इतकी ताठ वाजते की तो फुलणारा, मिटणारा आवाज तिच्यातून निघेल असं मला वाटत नाही. अँप अजून टेबलावर आहे, मागे कोरी चिठ्ठी. तिच्यावर पहिला रकाना आखलाय तो प्लगच्या व्होल्टचा.