हेडफोन अँप: व्होल्ट-करंटचा हिशेब, बोर्डाची निवड आणि आतापर्यंतचं काम

सध्याची स्थिती अशी: हेडफोनच्या अँपसाठी (अ‍ॅम्प्लिफायरसाठी) ऑब्जेक्टिव्ह-टू, म्हणजे ओ-टू, हा बोर्ड निवडला. बोर्ड भरून झाला, सप्लाय तपासून झाला. डबा आणि मोठा जॅक बाकी आहे. बाकीचे बोर्ड का सोडले ते आधी मांडतो, कारण सीमाभागात हे काम करणाऱ्यांचे पैसे डाग देताना (सोल्डर करताना) कमी आणि निवड करताना जास्त वाया जातात. नाव ऐकून किट मागवायचं आणि मग आपल्या हेडफोनला ते चालतं का बघायचं, हा क्रम उलटा आहे.

आधी हेडफोनला लागतं किती ते काढा. संगीतातली शिखरं ११० डेसिबलपर्यंत जातील असं धरलं तर पुरे. सेनहायझर एचडी ६५० हा ३०० ओहमचा, १ व्होल्टला १०३ डेसिबल देतो. वर ७ डेसिबल हवेत, म्हणजे २.२४ व्होल्ट आणि करंट फक्त साडेसात मिलीअँपिअर. एकेजी के७०१ ला (६२ ओहम, १ व्होल्टला १०५ डेसिबल) १.८ व्होल्ट आणि २९ मिलीअँपिअर. हायफायमॅन सुंदरा प्लॅनर (सपाट पडद्याचा) आहे, ३७ ओहम, १ मिलीवॅटला ९४ डेसिबल, त्याला १.२ व्होल्टच लागतात, पण करंट ३३ मिलीअँपिअर. आणि हायफायमॅनचाच एचई-६: ५० ओहम, १ मिलीवॅटला ८३.५ डेसिबल. त्याला जवळपास ४५० मिलीवॅट, ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलीअँपिअर, शिखराला १३४. एकाला व्होल्ट हवेत, दुसऱ्याला करंट, एचई-६ ला दोन्ही. ‘पॉवरफुल अँप’ या शब्दाला त्यामुळे काही अर्थ उरत नाही.

या आकड्यांवर बोर्ड लावून बघितले.

सीमॉय: एक ९ व्होल्टची बॅटरी, एक ओपीए२१३४ ऑप-अँप (अ‍ॅम्प्लिफायरचा आयसी), शिकायला उत्तम. पण रेल्स (सप्लायच्या प्लस-मायनस बाजू) ±४.५ व्होल्टच्या. ऑप-अँप दोन्ही टोकांना दीडेक व्होल्ट सोडतो, शिखर ३ व्होल्टचं, म्हणजे आरएमएस (वरचे आकडे ज्या मापात आहेत त्यात) हाती येतात जेमतेम २.१ व्होल्ट. एचडी ६५० ला तिथेच कमी पडतं. शिवाय मधली ग्राउंड दोन रेझिस्टरवर टेकलेली असते. कमी ओहमचा हेडफोन लावला की ती सरकते आणि आवाज फाटतो.

बॉटलहेड क्रॅक: १२एयू७ आणि ६०८० या व्हॉल्व्हचं, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेलं सर्किट. आउटपुट इम्पिडन्स (अँपचा स्वतःचा, हेडफोनच्या आड येणारा रोध) साधारण १२० ओहम. एचडी ६५० चा इम्पिडन्स खालच्या बासला ५०० ओहमच्या आसपास चढतो, त्यामुळे तिथे सुमारे १ डेसिबल उठाव मिळतो आणि अनेकांना तोच आवडतो. आवडो, हरकत नाही. पण सुंदरावर याच १२० ओहमपायी साडेबारा डेसिबल वाटेतच जातात. आत दीडशेहून जास्त डीसी व्होल्ट असतात हेही धरा. पहिलाच प्रोजेक्ट म्हणून हा कोणालाच सुचवणार नाही.

व्हॅमी: पास लॅब्जच्या वेन कोलबर्न यांचं डिझाइन. ऑप-अँपच्या मागे आयआरएफ६१० आणि आयआरएफ९६१० मॉसफेट, क्लास ए. एचई-६ साठी हाच खरा पर्याय. पण हीट सिंक, दोन वायंडिंगचा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर आणि मोठा डबा धरून खर्च ओ-टूच्या पुढे जातो.

ओ-टू २०११ चं. गेनला (सिग्नल ठरावीक पट वाढवणाऱ्या टप्प्याला) एनजेएम२०६८, आउटपुटला प्रत्येक चॅनेलसाठी एनजेएम४५५६ए चे दोन भाग समांतर, प्रत्येकी १ ओहममधून. त्यामुळे आउटपुट इम्पिडन्स अर्ध्या ओहमच्या आसपास. रेल्स ±१२, बाहेर सुमारे ७ व्होल्ट आरएमएस. डेटाशीटप्रमाणे ४५५६ च्या एका भागाचा करंट ७० मिलीअँपिअर, दोघांचा १४०. एचडी ६५०, के७०१, सुंदरा आरामात बसतात. एचई-६ कागदावर बसतो, पण हाताशी काही उरत नाही. आणि ४५५६ काढून तिथे ओपीए२१३४ घालू नका: त्याची शॉर्ट-सर्किट मर्यादाच ४० मिलीअँपिअर आहे, पैसे जास्त देऊन अँप अशक्त होतो.

गेनचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या. ओ-टूमध्ये व्हॉल्यूमचा पॉट गेनच्या *नंतर* आहे. डॅक (डिजिटलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा) २ व्होल्ट देत असेल आणि गेन ६.५ वर असेल तर पहिल्या टप्प्याला १३ व्होल्ट काढायला लागतात, रेल्स तेवढं देत नाहीत. पॉट कितीही खाली आणा, फाटलेला आवाजच हळू ऐकू येतो. २ व्होल्टच्या डॅकला गेन साडेतीनच्या वर नको. फीडबॅक रेझिस्टर १.५ किलोओहम आहे, ग्राउंडकडचा १ किलो घातला की २.५ गेन, ६२० ओहम घातला की ३.४. मोबाइलच्या १ व्होल्टच्या डोंगलसाठी २.५ पुरतो. गेन कमी ठेवला की पॉट मध्यावर चालतो. अगदी तळाला दोन्ही चॅनेल सारखे नसतात, तो भागही टळतो.

आता सप्लाय. आपल्याकडे खरी अडचण हीच. बोर्डाला *एसी* अडॅप्टर लागतो. बाजारात मिळतात ते सगळे डीसी. डीसी लावला तर एकच रेल भरते, अँप चालूच होत नाही, आणि लोक उगाच रेल चालू-बंद करणारे मॉसफेट बदलत बसतात. सोपा मार्ग म्हणजे १५-०-१५, ५०० मिलीअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. मधली तार आणि एक टोक वापरायचं, दुसरं टोक स्लीव्ह घालून बंद करायचं. प्रायमरीला १०० मिलीअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, वेगळा पत्र्याचा डबा, डब्याला अर्थिंग.

१२ व्होल्टचा का नको? लाईट २३० असेल तर चालतो. पण गावाकडे पंप सुरू झाले की व्होल्टेज १९० ला उतरतं. मग १२ चे ९.९ होतात, शिखर १४, डायोडचे ०.७ वजा, उरले १३.३. +१२ ची रेल देणाऱ्या ७८१२ रेग्युलेटरला इनपुटला किमान १४ लागतात. रिपल (सप्लायमध्ये उरलेली लाईटची लहर) सरळ आउटपुटला येतो आणि गुणगुण सुरू होते. १५ व्होल्टच्या वायंडिंगला त्याच १९० वर १६.८ मिळतात. वरच्या बाजूला लाईट २५० झाली तरी साडेबावीस, ३५ व्होल्टच्या कपॅसिटरना काहीच नाही.

भरताना क्रम: आधी सप्लायचा भाग, ऑडिओचे आयसी सॉकेटबाहेर. सॉकेटच्या पिन ८ वर +१२ आणि पिन ४ वर −१२ दिसायला हवेत, ११.५ ते १२.५ ठीक. ७८१२ आणि ७९१२ (−१२ चा रेग्युलेटर) चे पाय वेगळे: पहिल्याचा क्रम इनपुट-ग्राउंड-आउटपुट, दुसऱ्याचा ग्राउंड-इनपुट-आउटपुट. ७९१२ चा पत्रा आतून इनपुटला जोडलेला असतो, डब्याला टेकला की शॉर्ट. निगेटिव्ह रेलच्या कपॅसिटरचा प्लस ग्राउंडकडे. दोन मॉसफेट दिसायला सारखेच, पण एक एन आणि एक पी. अदलाबदल झाली तर रेल उघडत नाही. ९ व्होल्टच्या बॅटऱ्या लावायच्याच असतील तर फक्त रिचार्जेबल निकेल. बोर्ड त्यांना चार्ज करतो, साध्या अल्कलाइन गळतील.

आयसी बसवल्यावर हेडफोन लगेच लावू नका. इनपुट शॉर्ट करून आउटपुटचा डीसी ऑफसेट (सिग्नल नसतानाही उरणारा डीसी व्होल्ट) बघा. १० मिलीव्होल्टच्या आत हवा. २० च्या वर गेला तर थांबा आणि डाग तपासा. मग ३३ ओहम, १ वॅटचा रेझिस्टर भार म्हणून लावा, ६० हर्ट्झचा टोन सोडा (५० चा नको, लाईटची गुणगुण त्यात मिसळते) आणि भारासह व भाराविना व्होल्ट मोजा. रीडिंग दीडेक टक्का उतरलं तर आउटपुट इम्पिडन्स अर्धा ओहम, बरोबर. जास्त उतरलं तर जॅकचा किंवा १ ओहमच्या रेझिस्टरचा डाग कोरडा आहे.

सप्लाय आणि ऑफसेटची तपासणी आटोपली, भाराची राहिली. खानापूर-जांबोटीकडच्यांनी फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतल्याशिवाय बोर्ड डब्यात घालू नये. पावसाळ्यात त्या चिकटीवर ओल धरते आणि ऑफसेट हलायला लागतो.

पुढचं काम: २ मिमी अ‍ॅल्युमिनियमची पुढची पट्टी, भोकं बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपमधून पाडून घ्यायची. ओ-टूवर ३.५ मिमीचाच जॅक आहे आणि तो घालता-काढताना क्षणभर शॉर्ट होतो. म्हणून ६.३ मिमीचा प्लॅस्टिक बुशवाला जॅक आखूड तारांनी जोडायचा, म्हणजे ग्राउंड डब्याला लागणार नाही. त्यानंतर एचई-६ वाल्यांसाठी व्हॅमीचा टोरॉइडल.