तेवीस ठिपके

मी ॲडलेडला चित्रं दुरुस्त करते. मार्चमध्ये ठिपक्यांनी रंगवलेल्या एका कॅनव्हासची गुंडाळी आली. सात बहिणींची कथा, आपल्या कृत्तिकांचीच. रंगवणारी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली, पिचंचारा या आदिवासी समाजातली आजी.

ॲक्रिलिक रंग वाळला तरी उष्णतेने मऊ पडतो, चिकटतो. मालकाने रंगाची बाजू आत करून, बबल रॅप घालून चित्र चार उन्हाळे गॅरेजमध्ये ठेवलं होतं. उलगडताना तेवीस ठिपके प्लास्टिकबरोबर गेले, आणि प्लास्टिक कचऱ्यात. अशा माणसाला चित्र विकूच नये.

मायक्रोस्कोपखाली मी दोन दिवस नुसती बघत बसले. ही चित्रं जमिनीवर अंथरून, चारही बाजूंनी बसून रंगवतात. कितीतरी ठिपक्यांखाली तांबड्या वाळूचे कण होते. एका जागी कुत्र्याचा केस आणि त्याच्यावर पिवळा ठिपका. वरची धूळ मी मऊ ब्रशने काढली, खालची तशीच ठेवली. ती चित्राचीच आहे.

"मागचेच तर ठिपके आहेत, भरून टाक," साहेब म्हणाले. याचा मला राग आला. 1971 साली मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या या आदिवासी वस्तीत पुरुष बोर्डावर रंगवू लागले, तेव्हा बायका कित्येक वर्षं नवऱ्याच्या, वडिलांच्या चित्रांत मागचे ठिपकेच भरत होत्या. त्यांचं स्वतःचं नाव चित्रावर यायला फार वेळ लागला.

तरीही मी एक भरला. पुट्टीने उंचवटा केला, वर जलरंग, ओल्या कापसाने निघेल असा. हुबेहूब जमला. मग मात्र हात पुढे जाईना, म्हणून आजींच्या वस्तीतल्या कलाकेंद्राला फोन लावला.

आजींनी पहिला प्रश्न विचारला, "हात लावणारी बाई आहे का?" हो म्हटल्यावर त्या बराच वेळ बोलल्या. फोन धरलेल्या मुलीने मला दोनच वाक्यं सांगितली: "ही गोष्ट तिला तिच्या आजीकडून मिळाली आहे. यात ठिपका ठेवायचा तर ती ठेवेल, नाहीतर तिच्या मुली."

तेवीसच्या तेवीस ठिपके मी तासाभरात भरले असते आणि कुणाला कळलंही नसतं. मला तेच सलतंय. फोन आधी का नाही केला?

माझा ठिपका मी त्याच संध्याकाळी पुसला. मालक कॅनव्हास वाळवंटात पाठवायला तयार नाही, आणि आजींना आता एवढा प्रवास झेपत नाही. चित्र खालच्या मोठ्या खणात सपाट ठेवलंय, रंगाची बाजू वर. मालकाला मी दुसरं पत्र लिहिलंय.