पारसिकचा दगड आणि मास्करीन बेटे

ठाण्याहून बेलापूरला जाताना डाव्या हाताला पारसिकची डोंगररांग दिसत राहते, आणि तिच्या ज्या अंगाला दगडखाणींनी तोडले आहे तिथे काळ्या कातळाची उभी भिंत उघडी पडलेली असते. ही भिंत जवळून पाहिली तर दगड सगळीकडे सारखा नसल्याचे ध्यानात येते. थराच्या मध्यात तो घट्ट असतो, तर माथ्याकडे त्यात बारीक छिद्रे दिसू लागतात आणि त्यांतल्या कित्येकांत पांढरी स्फटिकी खनिजे भरलेली असतात. लाव्हा निवत असताना त्यातले वायू वर चढून पृष्ठभागापाशी अडकले, त्यांच्या खुणा म्हणजे ही छिद्रे; खनिजे मागाहून झिरपलेल्या पाण्याने आणली. खडी होऊन हाच दगड आपल्या इमारतींत आणि रस्त्यांत गेला आहे. तो जिथून आला ती भट्टी मात्र आता आपल्या पायाखाली नाही. ती येथून नैऋत्येला जवळजवळ पाच हजार किलोमीटरवर, हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे आणि अजून धगधगते आहे, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात.

मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या तीन बेटांना मिळून मास्करीन द्वीपसमूह म्हणतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत असताना रियुनियनखालच्या या भट्टीवरून, म्हणजे भूवैज्ञानिकांच्या भाषेत उष्णस्थानावरून, गेला, आणि तेव्हा झालेल्या प्रचंड उद्रेकांतून दख्खनचे पठार घडले. शिवणयंत्रात सुई जागच्या जागी चालावी आणि कापड पुढे सरकत राहावे, तसे भूखंड पुढे गेला आणि मागे ज्वालामुखींची एक लांब ओळ उमटत राहिली. लक्षद्वीप आणि मालदीव ज्या कण्यावर उभे आहेत तो कणा या ओळीचाच भाग आहे, फक्त त्याच्या माथ्यावर नंतर प्रवाळ चढले. पुढे समुद्राच्या तळालाच चीर पडून ही ओळ दुभंगली. मालदीवच्या दक्षिणेकडील छागोस बेटांपर्यंतचा तुकडा भारताच्या बाजूला राहिला आणि समुद्राखालचे मास्करीन पठार पलीकडे गेले. ओळीच्या दक्षिण टोकाला ऐंशी-नव्वद लाख वर्षांचे मॉरिशस आहे आणि त्यानंतर जेमतेम वीस-पंचवीस लाख वर्षांचे रियुनियन. वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडे दाखवून ‘आपल्याकडेही खाली ज्वालामुखी आहे’ असे ठामपणे सांगणारे लोक ठाण्यात नेहमी भेटतात. पण ते पाणी भेगांतून खोलवर जाऊन तापून परत येते, त्याच्याशी लाव्हाचा संबंध नाही.

वयातला हा फरक बेटांच्या रूपातच दिसतो. मॉरिशस झिजून बसके झाले आहे आणि त्याचे सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे आहे. रियुनियनवरील पितों दे नेज हे निद्रिस्त शिखर मात्र सुमारे ३,०७० मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि तेही २,५१२ चौरस किलोमीटरच्या बेटावर. या शिखराभोवती सिलाओस, सालाझी आणि माफात या तीन अवाढव्य कढईसारख्या दऱ्या आहेत. माफातमध्ये आजही मोटारीचा रस्ता पोहोचलेला नाही, त्यामुळे तिथल्या वाड्यांवर माणसे पायी जातात आणि सामान हेलिकॉप्टरने उतरते. मळ्यांतून पळालेले गुलाम एके काळी याच दऱ्यांत लपत.

बेटाच्या आग्नेयेला २,६३२ मीटर उंचीचा पितों द ला फूर्नेझ हा जगातील अत्यंत क्रियाशील ज्वालामुखींपैकी एक आहे. त्याचा लाव्हा बहुधा समुद्राकडे उघडणाऱ्या एका ओसाड खोलगट भागातूनच वाहतो, म्हणून लोक त्याच्या शेजारी निर्धास्त राहतात. १९७७ च्या एप्रिलमध्ये मात्र तो हद्दीबाहेर पडला आणि सेंत-रोझजवळच्या वस्तीतील घरे गिळत चर्चपर्यंत आला. दारातून थोडा आत शिरून तो थांबला आणि दोन्ही अंगांनी चर्चला वेढून गोठला. या घटनेनंतर तिथे ज्वालामुखीची वेधशाळा उभी राहिली. २००७ च्या उद्रेकात शिखरावरील विवराचा तळ तीनशे मीटरहून अधिक खचला, आणि किनाऱ्याचा रस्ता लाव्हाखाली गेल्यावर तो नव्याने त्याच लाव्हावर बांधावा लागला.

हवामानाच्या बाबतीत ही बेटे आपल्याला आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलटी वाटतात. आपल्याकडे पाऊस सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला पडतो आणि पूर्वेचा देश कोरडा राहतो. तिथे आग्नेयेचे व्यापारी वारे वर्षभर वाहत असल्याने पूर्व किनारा भिजतो आणि पश्चिम किनारा कोरडा राहतो. वादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस मुंबई-ठाण्यातले कोणी विसरलेले नाही. रियुनियनवरील फॉक-फॉक येथे जानेवारी १९६६ मध्ये डेनिस या चक्रीवादळात चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट, पाऊस पडला आणि तो जागतिक विक्रम ठरला. बाष्पाने भरलेले वादळ इतक्या उंच आणि खड्या डोंगरावर आदळल्याचा तो परिणाम होता. आपल्या पावसाचा एक धागाही तिथेच आहे. या बेटांच्या दक्षिणेला हवेच्या जास्त दाबाचे एक क्षेत्र असते आणि आपले हवामानशास्त्रज्ञ मान्सूनच्या काळात त्यावर लक्ष ठेवतात, कारण तिथून निघालेले वारे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून वळतात आणि नैऋत्य मान्सून होऊन आपल्या दारी येतात.

सतराव्या शतकापर्यंत या बेटांवर माणसाची वस्तीच नव्हती, त्यामुळे तिथला प्रत्येक जण कोठून तरी आणलेला किंवा आलेला आहे. रियुनियन १९४६ पासून फ्रान्सचा सागरापारचा जिल्हा आहे आणि तिथे युरो चालतो. पूर्वी बूरबों म्हटल्या जाणाऱ्या याच बेटावर १८४१ मध्ये एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिलाचे हाताने परागीकरण करण्याची युक्ती शोधली. फुलातील पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांच्यामधला पडदा त्याने बारीक काडीने उचलला आणि अंगठ्याने दोन्ही भाग एकमेकांना टेकवले. जगभरचे व्हॅनिलाचे मळेवाले आजही हेच करतात. खुद्द एदमोंला मात्र १८४८ मध्ये गुलामगिरी संपेपर्यंत स्वातंत्र्य मिळाले नाही.

मॉरिशसमध्ये गुलामगिरी १८३५ मध्ये संपली, पण ऊस तोडायला माणसे हवीच होती. १८३४ पासून करारबद्ध मजुरांना भारतातून नेण्यास सुरुवात झाली होती. बहुतेक जण बिहारकडचे आणि कलकत्त्याहून निघालेले होते. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले मराठी लोक होते. पोर्ट लुईमधील ज्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढून ते बेटावर आले तो २००६ पासून जागतिक वारसा आहे. या मराठी मजुरांच्या वंशजांमुळे गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. घरात आणि बाजारात हे वंशज बहुधा क्रिओल ही फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली बोलतात, मराठी मात्र शाळेत विषय म्हणून शिकतात आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती पुढेही शिकता येते. आपल्याकडून मॉरिशसला जाणारी जोडपी निळे पाणी आणि पांढरी वाळू पाहून परत येतात. त्यांनी एखादा दिवस काळी माती आणि उसाचे मळे यांसाठी राखावा आणि जमल्यास विमानाने तासाभरापेक्षा कमी अंतरावरचे रियुनियन गाठावे, असे मी आग्रहाने सुचवीन. गणेशोत्सवात जाणाऱ्यांना मात्र मॉरिशसमधील विसर्जनाची मिरवणूक चुकवू नका, असेच सांगेन.