कोब्याचा उतार उलटा, भुर्दंड कुणाला?

गच्चीचा उतार चुकलाय हे कळायला दहा मिनिटं लागली. ते कागदावर यायला सात आठवडे.

घर जुळे सोलापुरात, गच्ची नऊशे चौरस फूट, काम मटेरियलसकट १८ लाखांचं. करारात ब्रिकबॅट कोब्याला (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) १:१०० उतार लिहिलेला, म्हणजे दहा फुटांना साधारण सव्वा इंच. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घेतली, तर पाणी वाहून नेणाऱ्या पाइपाचं तोंड गच्चीच्या मध्यापेक्षा अर्धा इंच वर! पाणी मधोमध साचणार आणि खाली झिरपणारच.

ठेकेदाराचं उत्तर तयार होतं : "तुम्ही पाणी दिलं नाही, क्युरिंग झालं नाही." क्युरिंग म्हणजे सिमेंटचं काम काही दिवस ओलं ठेवणं. करारात पाणी मालकाचं, आणि आपल्याकडे नळ किती दिवसांआड येतो ते सांगायला नको. पण पाणी कमी पडलं तर भेगा पडतात, उतार उलटा होत नाही. कठड्याच्या गिलाव्याच्या भेगा, १४ हजार, मी मुकाट्याने माझ्याकडे घेतल्या. उताराचं एक रुपयाही नाही.

अडलं ते रिपोर्टवर. देखरेखीचा इंजिनिअर तोंडी म्हणायचा, "उतार गेलाय खरा." लिहून द्या म्हटलं की साइटवर निघायचा. कारण उघड आहे, कोब्याचं बिल त्यानेच पास केलेलं. बाहेरच्या दोघांनी नकार दिला; एकाच गावात धंदा, उद्या त्याच ठेकेदाराशी गाठ. तिसरा तयार झाला तो एका अटीवर : 'दोषी कोण' लिहिणार नाही, फक्त मापं लिहीन. तेवढं पुरतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर महिना वाचला असता. नऊ ठिकाणच्या लेव्हल, नळीचे फोटो, करारातला उतार आणि प्रत्यक्षातला उतार शेजारी-शेजारी. दोष आपोआप दिसतो. मापं घेताना ठेकेदाराला लेखी बोलवा. आला नाही तरी बोलावल्याचा कागद राहतो.

मग स्पीड पोस्टने नोटीस, दुरुस्तीला पंधरा दिवस. ही संधी न देता दुसऱ्याकडून काम करून घेतलं तर तो म्हणणार, "मी फुकट केलं असतं." उलट नुसतं बसूनही राहू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे, टाळता आलं असतं ते नुकसान भरपाईत धरत नाहीत.

तोडणं, राडारोडा उचलणं आणि नवा कोबा मिळून १,१२,०००. बिलातून राखून ठेवलेली पाच टक्के अनामत, ९० हजार, माझ्या हातात होती; उरलेले २२ हजार त्याने दोन हप्त्यांत दिले, कुरकुरत. वर चायना चिप्स (चकचकीत टाइलचे तुकडे) बसवल्या त्या मूळ करारात नव्हत्या, तो खर्च माझाच.

अनामतीवरून आठवलं : सोलापुरात खरा पाऊस सप्टेंबरात. जूनमध्ये गच्ची कोरडी राहिली म्हणून शेवटचं बिल सोडू नका. "बिल पास झालं तरी दोषाची जबाबदारी ठेकेदाराचीच" ही ओळही करारात हवी.

नसतंच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. दहा ते वीस लाखांच्या कामाला फी ४०० रुपये. बिल्डरकडून फ्लॅट घेतला असेल तर रेराची, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवरच्या कायद्याची, दोषदुरुस्तीची पाच वर्षं आहेत. स्वतःच्या प्लॉटवरच्या ठेकेदाराला ती लागू नाहीत.