सीमाशुल्कात अडकलेल्या दोन अमावास्या

दिवाळी झाल्यावर ताऱ्यांचे फोटो काढण्यासाठी परदेशातून मागवलेला ट्रॅकर माझ्या हाती आला तो पौष अमावास्येच्या अवघे चार दिवस आधी. मधल्या कार्तिक आणि मार्गशीर्षाच्या अमावास्या, दोन्ही निरभ्र आणि कोरड्या, हातच्या गेल्या, आणि त्याची चुटपुट मला अजूनही आहे.

कॅमेरा, १३५ मिमीची लेन्स आणि भक्कम ट्रायपॉड माझ्याकडे होते. परंतु पृथ्वी फिरत असल्यामुळे स्थिर कॅमेऱ्यात तारे लांबट उमटतात. ५०० ला लेन्सच्या मिमीने भागले की किती सेकंद शटर उघडे ठेवता येईल ते कळते, असा एक ढोबळ नियम आहे. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने १३५ चे सुमारे २०० धरावे लागतात, म्हणजे जेमतेम अडीच सेकंद मिळतात. तेजोमेघासाठी, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या अंधुक ढगासाठी, हा वेळ फारच अपुरा आहे. ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर म्हणूनच हवा होता.

पार्सल आठ दिवसांत मुंबईला पोहोचले आणि तिथेच थांबले. विक्रेत्याने बिलावर वस्तूचे वर्णन ‘मोटारयुक्त हेड’ एवढेच लिहिले होते, आणि हा ड्रोनचा भाग आहे का, अशी विचारणा झाली. आधार आणि पॅनच्या प्रती मी त्याच दिवशी पाठवल्या. मग वापराचे स्पष्टीकरण मागितले गेले, ते दिले. दहा दिवसांनी तेच स्पष्टीकरण सहीनिशी मागितले गेले. फोन केला की कुरिअरवाले सीमाशुल्काकडे बोट दाखवत, आणि सीमाशुल्काशी बोलायचे तर ते कुरिअरमार्फतच, असे सांगितले जाई. यंत्रात वायफाय नव्हते, तरी ते नाही हेही लेखी द्यावे लागले. दरम्यान गोदामाचे भाडे रोज वाढत होते आणि मी रोज संध्याकाळी गच्चीवरून मृग नक्षत्र वर येताना पाहत होतो.

गाडी पुढे सरकली ती एका पानाच्या पत्राने. खगोलीय उपकरणे आणि त्यांची माउंट (उपकरण धरून ठेवणारे आधार) सीमाशुल्क दरसूचीत ९००५ या शीर्षकाखाली येतात, हे मी त्यात पहिल्याच ओळीत लिहिले. सोबत उत्पादकाच्या माहितीपत्रकाचे पान आणि ट्रायपॉडवर बसवलेल्या यंत्राचे छायाचित्र जोडले. पाचव्या दिवशी शुल्क भरण्याचा निरोप आला. हे पत्र मी आधीच तयार ठेवायला हवे होते. तुम्ही मागवणार असाल तर बिलावर ‘खगोलीय माउंट’ असे शब्द आणि हा क्रमांक विक्रेत्याकडून पार्सल निघण्यापूर्वीच लिहून घ्या. वायफाय किंवा ब्लूटूथ असलेल्या यंत्राला दूरसंचार खात्याच्या मान्यतेचा वेगळा प्रश्न येऊ शकतो, म्हणून साधे मॉडेल बरे. आणि शक्य असेल तर भारतातल्याच विक्रेत्याकडे थोडे जास्त पैसे मोजा. गेलेली अमावास्या परत मिळत नाही.

पौष अमावास्येला वेल्हे (आताच्या राजगड) तालुक्यातल्या एका माळावर गेलो. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो. पहिली जागा उत्तरेच्या डोंगरामुळे सोडावी लागली. जागा दिवसाउजेडी होकायंत्र घेऊन पाहून ठेवावी. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे, त्यामुळे तो ट्रॅकरच्या छोट्या दुर्बिणीतल्या रेटिकलमध्ये (आत दिसणाऱ्या आखणीत) मधोमध न ठेवता ॲप दाखवते त्या जागी वर्तुळावर ठेवायचा असतो. मला यासाठी पाऊण तास लागला.

मग मृगाच्या तीन ताऱ्यांच्या खाली लेन्स रोखली आणि एक मिनिट शटर उघडे ठेवले. पडद्यावर आलेल्या पहिल्याच फ्रेममध्ये तेजोमेघाचा गुलाबी पंखा दिसला, आणि फोटो मोठा करून पाहिले तर कोपऱ्यातला तारासुद्धा गोल टिंबासारखा होता. सोबत आलेल्या माझ्या भावाला मी तो तीनदा दाखवला. त्या रात्री अशा ६० फ्रेम घेतल्या. शेवटी लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या २० डार्क फ्रेमही घेतल्या, कारण सेन्सरचा गोंगाट (फोटोत उमटणारे खोटे ठिपके) त्यांच्याच आधारे वजा होतो. या सगळ्या फ्रेम जोडून एक फोटो करण्यासाठी सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

पहाटे लेन्सवर दव साचले आणि शेवटच्या ११ फ्रेम वाया गेल्या. लेन्सभोवती गुंडाळायची हीटर पट्टी आता मी पुण्यातूनच विकत घेतली आहे.