मुस्तामाएच्या उघड्या खिडक्या

गेल्या फेब्रुवारीत एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनमध्ये, भाच्याकडे तीन आठवडे राहण्याचा योग आला. तो तिथल्या तंत्रज्ञान विद्यापीठात शिकतो आणि जवळच्याच मुस्तामाए वसाहतीत भाड्याने राहतो. तटबंदीतले जुने शहर मी दोन दिवसांत पाहून घेतले. पुढचे दिवस मात्र या वसाहतीतल्या पाच मजली इमारतींतच गेले. पुण्यात आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद मी अकरा वर्षे सांभाळले असल्यामुळे, कुठलीही इमारत पाहिली की तिच्या नळांची आणि तिच्या सभांची चौकशी केल्याशिवाय मला राहवत नाही.

पहिल्याच सकाळी बाहेर उणे बारा अंश तापमान असताना समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची खिडकी सताड उघडी होती.

"मामा, त्यांना घरात उकडतंय," भाचा म्हणाला.

त्या उकाड्याचे मूळ इमारतीच्या बांधणीत आहे. सोव्हिएत राजवटीत, 1960च्या दशकाच्या सुरुवातीपासून, कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती जोडून मुस्तामाए उभे राहिले. इथे ऊब मिळवायला घरोघरी शेगड्या नाहीत. दूरच्या केंद्रात तापवलेले पाणी जमिनीखालच्या नळांतून इमारतीपर्यंत येते. एस्टोनियन भाषेत या व्यवस्थेला 'काउगक्युते' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'दूरतापन'. जुन्या इमारतींत हे गरम पाणी एकाच उभ्या नळातून एका घराच्या रेडिएटरमधून, म्हणजे खोली उबवणाऱ्या भिंतीलगतच्या धातूच्या संचातून, दुसऱ्या घराच्या रेडिएटरमध्ये जात असे. कुणी मध्येच आपला रेडिएटर बंद केला, तर त्या नळावरच्या शेजाऱ्यांचीही ऊब तुटावी, अशी रचना अनेक ठिकाणी होती. कोपऱ्यावरच्या गार घराला पुरेल इतके पाणी तापवले की मधली घरे भट्टीसारखी होत, आणि खर्च तर क्षेत्रफळाप्रमाणे वाटला जाई. अशा घरात खिडकी उघडण्यावाचून दुसरा उपायच नव्हता, म्हणून त्या माणसांना उधळे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

भाच्याच्या इमारतीचे नूतनीकरण झाले आहे. बाहेरून भिंतींवर खनिज लोकरीचा वीतभर जाड थर चढवला आहे आणि खिडक्या जुन्या जागेवरून पुढे ओढून त्या थरात बसवल्या आहेत, कारण काँक्रीटच्या कडेतून ऊब झिरपून जाते. त्यामुळे आतल्या बाजूला खोल कट्टा तयार झाला असून त्यावर भाच्याने कढीपत्त्याची कुंडी ठेवली आहे. काचेपलीकडे बर्फ आणि अलीकडे हिरवीगार पाने. प्रत्येक रेडिएटरला नळाची वेगळी शाखा आणि तापमान ओळखून आपोआप मिटणारी झडप आहे. छताजवळच्या जाळीतून सतत ताजी हवा येते, ती बाहेर जाणाऱ्या उबदार हवेकडून उष्णता घेऊनच. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. नुसत्या भिंती आणि खिडक्या घट्ट केल्या आणि हवेची सोय केली नाही, तर कोपऱ्यांत बुरशी धरते आणि लोक पुन्हा खिडक्या उघडतात.

इमारतीच्या संस्थेच्या अध्यक्षबाईंनी आम्हाला तळघर दाखवले. मोठ्या सुटकेसएवढ्या उष्णता विनिमयकात शहराचे पाणी आणि इमारतीचे पाणी पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी वाहते. एकमेकांत मिसळत नाही. उत्तरेकडच्या भिंतीवरील संवेदक बाहेरची थंडी मोजतो आणि त्यानुसार आत किती गरम पाणी सोडायचे ते ठरते. बाईंनी माझा हात आधी येणाऱ्या नळावर आणि मग परत जाणाऱ्या नळावर ठेवला. पहिला चटका देणारा होता, दुसरा जेमतेम कोमट. इमारतीला कमी ऊब पुरली की पाणी असे गार होऊन परतते, त्याचा फायदा साऱ्या शहराला मिळतो. जमिनीखालच्या नळांतून वाया जाणारी उष्णता घटते. शिवाय लाकडाच्या चिपा जाळणाऱ्या केंद्रात धुरातल्या वाफेचे या गार पाण्याच्या साहाय्याने पाणी करून तिची उष्णताही परत मिळवता येते. ज्या रस्त्याखालून जुने नळ जातात तिथला बर्फ वितळून काळी पट्टी उमटते. मुस्तामाएत अशा पट्ट्या मी पाहिल्या.

पुढे विद्यापीठाच्या आवारात अकादेमिया मार्गावरील पाच मजली वसतिगृहही पाहिले. तिथे लाकडी चौकटीचे तयार पॅनेल कारखान्यात बनवून जुन्या भिंतींवर बाहेरून बसवले आहेत. रहिवाशांच्या घरात कमीत कमी तोडफोड व्हावी, हा त्यामागचा विचार.

मला सर्वांत जवळची वाटली ती सभांची गोष्ट. स्वातंत्र्यानंतर इथले भाडेकरू सदनिकांचे मालक झाले आणि 2018 पासूनच्या कायद्याने तर अशा इमारतींची संस्था आपोआप अस्तित्वात येते. क्रेडेक्स या सरकारी निधीने 2010 पासून कामाच्या व्याप्तीप्रमाणे 15, 25 किंवा 35 टक्के अनुदान दिले आणि 2015 मध्ये संपूर्ण नूतनीकरणासाठी ते 40 टक्क्यांपर्यंत नेले. उरलेली रक्कम संस्थेच्या नावावरच्या कर्जातून उभी राहते. अध्यक्षबाईंच्या इमारतीत पहिल्या सभेत ठराव फेटाळला गेला होता. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आजी कर्जाला घाबरल्या होत्या. बाईंनी वर्षभर दारोदार जाऊन प्रत्येकाचे थंडीतले बिल आणि कर्जाचा हप्ता शेजारी शेजारी लिहून दाखवला. आमच्याकडे सौर बंबाच्या ठरावासाठी मीही जिने झिजवले आहेत, त्यामुळे त्यांचा तो वर्षभराचा थकवा मला दुभाष्याशिवाय कळला.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी समोरच्या इमारतीवरून जाताना तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडीच होती. दारावर मात्र नवा कागद चिकटवला होता. भाच्याने वाचून दाखवला: गुरुवारी सहा वाजता सर्वसाधारण सभा, विषय एकच, नूतनीकरणासाठी कर्ज.