चिठ्ठी दाराखालून आली

पनवेलच्या पुढे एका ज्येष्ठ निवासात माझी आत्या राहते. नेरूळहून लोकल, मग रिक्षा, मग गेटवरच्या वहीत सही, असं दर दुसऱ्या शनिवारी माझं जाणं असतं. जूनमध्ये गेले तेव्हा तिच्या पोथीत घडी घातलेली चिठ्ठी दिसली. पुढच्या महिन्यापासून निवासाचे महिन्याला १५,५०० ऐवजी १८,००० रुपये. चिठ्ठी दाराखालून सरकवली होती.

"कशाला बोलायचं गं? दोन वेळचं जेवण त्यांच्याच हातचं," आत्या म्हणाली.

तीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलेली बाई हे बोलते, तेव्हा पोटात कालवतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच हातून रात्री पाणी मागायचं. ही भीती खरी आहे. 'एवढं काय घाबरायचं' असं बाहेरच्या माणसानं म्हणू नये.

करारनामा कपाटात साड्यांच्या खाली होता, डांबरगोळ्यांच्या वासाचा. तेवीस पानं, सगळी इंग्रजीत. एकेक कलम मी मराठीत सांगत गेले. चौदाव्या पानावर सापडलं: वाढ वर्षातून एकदाच, आठ टक्क्यांपर्यंत. म्हणजे १६,७४० रुपये, त्यापुढे नाही. आत्यानं चष्मा पुसून ते कलम स्वतः पुन्हा वाचलं.

पुढच्या खेपेला आत्याच्या खोलीत निवासातलीच चौघं होती.

त्यांच्या बोलण्यात २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा सारखा यायचा. पण त्याखाली प्रांताधिकाऱ्यांसमोर अर्ज होतो तो मुलांकडून किंवा नातेवाइकांकडून निर्वाहखर्च मिळवण्यासाठी. निवास चालवणाऱ्यानं करार मोडला, तर वाट ग्राहक आयोगाची. निवासाला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. कुठे जायचं हेच कळत नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठांचा मोफत क्रमांक आहे. तो मी चौघांच्या फोनमध्ये घालून दिला.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं दुखणं वेगळं. काकू गेल्यावर ते लहान खोलीत आले, पण अनामत रकमेतला फरक परत मिळाला नाही. सगळ्या पावत्या दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, तारखेप्रमाणे लावलेल्या. मी तावातावानं पत्र लिहिलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "फसवणूक हा शब्द काढा. मला इथेच राहायचंय."

मी काढला. पत्र त्यांचं होतं, राग माझा होता. सोबत म्हणून जाणाऱ्यानं एवढं तरी ओळखलं पाहिजे.

व्यवस्थापकांसमोर बसलो तेव्हा ते सारखे माझ्याकडे बघून बोलत होते. मी दर वेळी आत्याकडे बघायचे, मग त्यांनाही वळावं लागायचं. शेवटी आत्यानंच चौदावं पान उघडून टेबलावर ठेवलं. आवाज कापत होता, पण कलम तिनं पूर्ण वाचलं.

वाढ आठ टक्क्यांवर आली, तीही लेखी. आत्याच्या आणि काकांच्या, दोन्ही पत्रांची शिक्क्यासह पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय मी कुणालाच तिथून उठू देत नाही.

काकांच्या पत्राला दिलेली पंधरा दिवसांची मुदत गुरुवारी संपते. आयोगाच्या अर्जासाठी पावत्यांच्या झेरॉक्स काढून झाल्यात. मूळ पावत्या पिशवीतच आहेत, काकांच्या उशाशी.